पाच उपास आणि एक अळणी वार

माझं परदेशगमन जबलपूरला झालं. आता कोणी हसलं तर हसो. आमच्या कोकणातल्या गावाहून आधी बैलगाडी, मग पावसाळ्याआधीची शेवटची बोट, मग मुंबईत लांबलेला मुक्काम, मग इटारसीवरून जाणाऱ्या आगगाडीत पुरता एक दिवस आणि एक रात्र, एवढं झाल्यावर मी मध्यप्रांतात उतरलो. भाषा वेगळी, पाणी वेगळं, समुद्राचा पत्ता नाही, आणि घरचं पत्र सहाव्या दिवशी हातात. विलायतेला जाणाऱ्यांचं याहून वेगळं काय होत असेल, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि आनंदाने पार चेकाळलो होतो.

मला शास्त्र शिकायचं होतं. पुण्याला जावं तर तिथे वार लावून जेवणारी मुलं गल्लोगल्ली. वार लावणं म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवड्याला सात घरं धरून शिकायचं. पुण्यात एकेका घराला दोन-दोन, तीन-तीन मुलं आधीच लागलेली. आमच्या गावचे एक गृहस्थ मात्र पोस्टमास्तर म्हणून जन्म जबलपुरात काढून तिथेच पेन्शनीत निघाले होते. त्यांनी वडिलांना लिहिलं, इथे मराठी घरं पुष्कळ, पण वार मागायला विद्यार्थीच येत नाहीत, मुलाला पाठवा. मागच्या अंगणातली एक खोलीही त्यांनी देऊ केली. अट एवढीच, की नाताळापर्यंत एक सत्र बघायचं. सातही वार तोवर टिकले तर मुलाने खुशाल पुढे शिकावं. एकाही घराने वार काढून घेतला, तर परतीच्या गाडीत ते स्वतः आणून बसवतील. मास्तरांच्या अक्षरासारखाच त्यांचा शब्दही सरळ आणि ठसठशीत असे, त्यामुळे हे खरं धरून चालणं भाग होतं.

पहिले चार दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. मास्तरांच्या ओटीवर विजेचा दिवा होता. मी कोणी नाही असं बघून तो लावायचो, विझवायचो, पुन्हा लावायचो. कॉलेजात प्रयोगशाळा होती, तिथे गॅसचा नळ सोडून काडी ओढली की निळी ज्योत भस्सकन उठायची, आणि हे सगळं मला करायला देत होते, मला! बड्या फुहाऱ्यापाशी, म्हणजे बाजारातल्या मोठ्या कारंज्यापाशी, कापडाच्या दुकानांतून लोक ‘आइए भैया’ म्हणून बोलवायचे, आणि धोतराखेरीज काही घ्यायची ऐपत नसलेला मी प्रत्येक दुकानात आत जाऊन बसायचो. कोणी आपल्याला भैया म्हणतं आहे, याचाच केवढा आनंद.

याच आनंदात माझी चूक झाली. मी सगळ्यांना हो म्हणायला लागलो. कोणी काही विचारलं की माझ्या तोंडून हो निघून जायचं. आपण या लोकांना आवडलं पाहिजे, फार आवडलं पाहिजे, याची मला घाईच सुटली होती.

श्रावणातला पहिला सोमवार. सोमवारचं घर जुनं होतं. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात चाकरीला म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. घरातल्या बाईंना सगळे काकीजी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांच्या मराठीत निम्मं हिंदी असायचं, आणि ते ऐकायला मला फार गोड वाटे. मी पाटावर बसलो, ताट समोर आलं, त्यात वरणभाताची मूद दिसत होती, आणि काकीजी एकदम थबकल्या.

“अरे बेटा, आज तो सोमवार आहे. श्रावणातला. तुमच्या कोकणात तर फार सोवळं असतं म्हणे. उपास असेल ना तुझा?”

खरं सांगायचं तर घरी मी एकादशीलाही दुपारी गुपचूप भाकरी खायचो. पण त्या इतक्या कौतुकाने विचारत होत्या!

“हो,” मी म्हणालो.

ताट उचललं गेलं. त्याच्या जागी साबुदाण्याची खिचडी आली, वर ताजं दही, एक केळं. छानच होती. “शाम को सोडतोस कुठे?” त्यांनी विचारलं. खोलीवर भात लावतो, असं मी ठोकून दिलं. माझ्या खोलीत चूल नव्हती, शेगडी नव्हती, मास्तरांची सक्त मनाई होती. वार होता तो सकाळच्या जेवणाचा, आणि संध्याकाळी मी फुटाणे आणि गूळ खायचो.

जबलपुरातली मराठी मंडळी एकमेकांना इतकी लागून होती, की एका घरी फोडणी पडली तर दुसऱ्या घरी शिंक यायची. काकीजींनी त्याच संध्याकाळी मंगळवारच्या घरी जाऊन सांगितलं असावं, की मुलगा फार आचाराचा आहे, या वयात सोमवार धरतो. मंगळवारी मी गेलो तर तिथल्या बाई दारातच म्हणाल्या, “मग गणपतीचा मंगळवारही करत असशील?” सोमवार करणारा मुलगा मंगळवारी नाही कसं म्हणणार? मी हो म्हणालो. भगर आणि दाण्याची आमटी.

गुरुवारच्या घरी दत्ताची तसबीर होती. तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, आणि मी हो म्हणालो. शुक्रवारी देवी होती, हो म्हणालो. शनिवारी मारुती होता. रविवार मास्तरांच्याच घरचा, आणि तिथे मी सुटेन असं मला वाटलं होतं. पण मास्तरीणकाकूंनी शेजारणींकडून माझ्या सोमवारचं ऐकलं होतं. “रविवारी सूर्यासाठी अळणी खातोस ना रे?” त्या म्हणाल्या. आपल्या गावाकडचा मुलगा इतका निष्ठेचा निघाला म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते. मी बिनमिठाचं वरण, बिनमिठाची भाजी आणि बिनमिठाचा भात हसतमुखाने खाल्ला.

म्हणजे आठवड्यात पाच उपास आणि एक अळणी. सोमवारचा गाजावाजा झाला होता, पण पुढचे वार ज्याच्या त्याच्या घरातच राहिले. उरला बुधवार.

बुधवारचं घर वऱ्हाडातलं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता, आणि माझा पहिला मित्रही तोच. बुधवारी कुठलाच देव आडवा येत नव्हता. मी त्या घरी अक्षरशः तुटून पडायचो. पोळ्या, झुणका, वांग्याची भाजी, वर भात, वर ताक, पुन्हा पोळ्या. बुधवारच्या काकू तव्याशी बसून ओरडायच्या, “अरे, पीठ संपून राहिलं!” आणि माझा मित्र जेवण सोडून माझ्याकडे बघत बसायचा.

त्याला एक दिवस मी सगळं सांगितलं. तो इतका हसला, की कॉलेजच्या व्हरांड्यात खाली बसला. “काहून सांगत नाहीस मग सरळ?” त्याने विचारलं. मी म्हटलं, आता कसं सांगू? देवाच्या नावाने खोटं बोललो असं पाच घरी जाऊन सांगितलं तर पाचही घरं वार काढून घेतील आणि मास्तर मला गाडीत बसवतील. मग तो गंभीर झाला, पण दोनच मिनिटं. दर शुक्रवारी तो मला फुहाऱ्याजवळ नेऊन खव्याची जिलबी खाऊ घालू लागला. काळसर, जाड, तुपाने निथळणारी. ती घेताना दुकानदाराला मोठ्याने विचारायचा, “भैया, व्रत में चलती है ना?” आणि दुकानदार म्हणायचा, “बिल्कुल चलती है.” तेवढीच माझी शुक्रवारची लाज राखली जायची.

भुकेने मला कसली कसली नशा चढत असे. प्रयोगशाळेत साखर तापवून तिचा कोळसा करायचा तास होता. सगळ्यांच्या नळीत कोळसा झाला. माझ्या नळीत काही होईना, कारण साखर मी आधीच खाऊन टाकली होती. प्राध्यापकांनी रिकामी नळी उजेडात धरून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा साखर दिली. ‘तापवा’ एवढंच म्हणाले. आणि तरीही मी सुखात होतो, हे मला आज सांगूनही कुणाला पटत नाही. सात घरी सात बायका माझी वाट बघत होत्या. रस्त्याने जाताना माझी पावलं आपोआप उड्या मारायची.

यात शनिवार थोडा वेगळा होता. शनिवारच्या मावशी एकट्या होत्या. विधवा, पन्नाशीच्या आसपास, मूळच्या नागपूरकडच्या. नर्मदेच्या ग्वारीघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची एक खोली होती, आणि घाटावरच्या पूजेच्या सामानाच्या दुकानांना त्या वाती वळून देत. मास्तर म्हणायचे, फार देवाधर्माची बाई, तिच्यासमोर जपून वाग. त्या बोलायच्या कमी. मला शिंगाड्याच्या पिठाची लापशी आणि ताक द्यायच्या, आणि मी खात असताना दाराशी बसून वाती वळायच्या.

श्रावण असा गेला, गणपती बसले, आणि महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे गौरी येतात त्या तेरड्याच्या, साध्या. वऱ्हाडात दोन महालक्ष्म्या उभ्या करतात, शालू नेसवून, दागिने घालून, आणि त्यांच्यापुढे सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, कढी असा स्वयंपाक. बुधवारच्या घरी हा सण होता आणि माझ्या सगळ्या घरच्या बायका तिथे जेवायला होत्या. मावशी नव्हत्या. सवाष्णींच्या सणाला त्या कुठे जात नसत. मलाही आमंत्रण होतं. मी आनंदाने पाणी भरलं, केळीची पानं पुसली, पाट मांडले, आणि आपणही एका पाटावर बसलो. पानात पुरणपोळी पडली. तिच्यावर तूप पडलं. मी पहिला घास मोडला.

“अहो, हे काय!” गुरुवारच्या बाई ओरडल्या. “त्याला वाढू नका! आज गुरुवार. त्याचा दत्ताचा उपास असतो.”

घास हातातच राहिला. वाराचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

“गुरुवार?” काकीजी म्हणाल्या. “नहीं नहीं, तो सोमवार करतो.”

“मंगळवारही करतो,” मंगळवारच्या म्हणाल्या. “माझ्याकडे भगर खातो की.”

“आमच्याकडे शुक्रवार.”

“आणि रविवारी अळणी,” मास्तरीणकाकू हळूच म्हणाल्या.

 बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि बोटांवर वार मोजत होत्या. तेवढ्यात पोळ्यांची परात घेऊन बुधवारच्या काकू आल्या आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. परात खाली ठेवून त्या म्हणाल्या, “अगं बाई! तरीच! मी म्हणून राहिले, हा पोरगा बुधवारी अठरा पोळ्या काहून खातो!”

जो हशा उठला, तो सांगता येत नाही. मंगळवारच्या बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मास्तरीणकाकू खांबाला धरून हसत होत्या. माझ्या मित्राला उचकी लागली ती थांबेना. मी मात्र मान खाली घालून बसलो होतो, आणि माझे डोळे घळाघळा गळत होते. शास्त्र गेलं, जबलपूर गेलं, निळी ज्योत गेली, एवढंच डोक्यात होतं.

पंगतीत समोर मास्तर होते. ते हसले नाहीत. पोस्टात टपाल मोजून घेतल्यासारखं त्यांनी विचारलं, “एकूण किती?”

“पाच उपास आणि एक अळणी,” मी म्हणालो.

“खोलीवर भात लावतोस म्हणे.”

“नाही. फुटाणे खातो.”

ते ऐकल्यावर काकीजींचं हसू थांबलं. त्या पुढे आल्या आणि माझ्या पानाशी उकिडव्या बसल्या. “खोटं का बोललास रे?” मी खरं तेच सांगितलं, की तुम्ही कौतुकाने विचारलंत, मला नाही म्हणवलं नाही. त्यांनी परातीतली एक पोळी उचलून माझ्या पानात टाकली. “भगवान माफ करतील. आम्ही नाही करणार. सहा घरच्या सहा पोळ्या. सब खाना पड़ेगा.” मग एकेक बाई येऊन पोळी वाढून गेली आणि प्रत्येकीने डोक्यात एक टपली मारली. मास्तरीणकाकूंनी माझ्या वरणात चिमूटभर मीठ जास्तच टाकलं. मी सहाही पोळ्या खाल्ल्या. रडत खाल्ल्या, आणि सातवी आपण होऊन घेतली.

परत येताना मास्तर म्हणाले, “सहा घरं राहिली तुला. सातव्या घरी कोणी काही बोलायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलंय. शनिवारी जाऊन तू स्वतः सांगायचंस. त्या बाईने वार काढला, तर माझी अट तुला ठाऊक आहे.” मग बरंच चालून झाल्यावर त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, पण माझ्याकडे तोंड करून नाही.

शनिवारी मी गेलो तेव्हा मावशी नेहमीसारख्या वाती वळत बसल्या होत्या. चुलीवर लापशीचं आधण होतं. मी पाटावर बसलो नाही. उभ्यानेच सांगून टाकलं, की मी शनिवार करत नाही, कुठलाच वार करत नाही, तुमच्याशी खोटं बोललो.

त्यांचा हात थांबला. “पयल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

त्यांनी मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली होता.

“मी हा वार मास्तरांकडून मागून घेतला होता,” त्या म्हणाल्या. “श्रावणी शनिवारी मुंज झालेला पोरगा, मुंजा, जेवू घालायचा असतो. कितीक वर्सं झाली, माझ्याकडे कोणी बसलं नव्हतं. म्हटलं, औंदा बसन. पाट धुऊन ठेवला होता मी. अन् तू म्हणालास, उपास आहे.”

मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिकडे सगळ्या घरी माझ्या खोट्याचं हसू झालं होतं, आणि इथे ते हे करून बसलं होतं. श्रावण संपून भाद्रपदाची अष्टमी-नवमी झाली होती. गेलेले शनिवार काही आणून देता येत नव्हते.

मी कसंबसं विचारलं, “मग तुम्ही शनिवारी काय जेवत होतात?”

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“दारात पोरगा उपाशी असताना मी कशी जेवू? मी बी धरला शनिवार. तुले लापशी, मले पाणी. शिंगाड्याचं पीठ काय रोज येतं का घरात?”

चार शनिवार. मी त्यांच्यासमोर मान खाली घालून वाटीभर लापशी चाटूनपुसून खाल्ली होती, आणि मनात बुधवारची पोळी आणि शुक्रवारची जिलबी मोजत होतो. मला फार फार लाज वाटली. मी म्हणालो, “मास्तरांना सांगा, वार काढून घेतला म्हणून. मी जातो परत.”

“चूप बस,” मावशी म्हणाल्या. आणि मग एकाएकी त्यांना हसू फुटलं. आधी नुसते ओठ हलले, मग खांदे, मग त्या तोंडावर हात धरून हसायला लागल्या. “म्हणजे दोघंही उपाशी,” त्या म्हणाल्या, “एकमेकाच्या भरोशावर!” त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. मलाही हसू आलं आणि ते आवरेना. आम्ही दोघं त्या खोलीत कापसाच्या ढिगाशेजारी वेड्यासारखे हसत होतो, आणि खालून घाटावरून पंड्यांचा गलका येत होता.

हसून झाल्यावर त्यांनी आधणात लापशीऐवजी कोदो टाकला. तांदळाच्या जागी गरिबाघरी शिजतं ते भरड धान्य. “ब्राह्मणाच्या पोराले कोदो वाढायची लाज वाटते,” त्या म्हणाल्या, “पण घरात हेच आहे. श्रावण गेला, तर गेला. भाद्रपदात बस.” मी म्हटलं, बसतो, पण दोन पाट मांडा. त्या नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या.

कोदो, पातळ आमटी, मिरचीचा ठेचा. मी बोलत होतो, माझं गाव, बोट, प्रयोगशाळेतली साखर, काय काय सांगत होतो. मावशी उत्तर देत नव्हत्या. म्हणून मी वर बघितलं. त्या खाली मान घालून भराभर जेवत होत्या, घासावर घास, माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्यांना भूक लागली होती.